लाभ, गो, वेंट, गॉन

मला इंग्रजीची चाळीस क्रियापदं तिन्ही रूपांसकट येतात. वाक्य एकही येत नाही. बसमध्ये कुणी इंग्रजीत काही विचारलं तर मी खिडकीबाहेर बघते. पण चाळीस क्रियापदं येतात, आणि ती मी कुठल्या शाळेत शिकले नाही. शाळा माझी चौथीत संपली. ही क्रियापदं मी माझ्याच स्वयंपाकघरात, मोरीजवळ बसून बोंबील साफ करता करता शिकले.

आमचं घर तारोडीत, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. पुढे ओटी, मग मोठी खोली, मागे स्वयंपाकघर आणि परसात बोंबील वाळवायचे बांबू. नवरा होता तेव्हा हे बांबू भरलेले असत. तो गेला, बोट विकली, आता बांबूंवर मी कपडे वाळत घालते. मुलगा मीरा रोडला असतो, सातव्या मजल्यावर. सूनही नोकरी करते. त्यांनी मला नेलं होतं. तीन महिने राहिले. सकाळी साडेसातला दोघं घराबाहेर, रात्री नऊला घरात. मी सुकट भाजली की समोरच्या दारातून अगरबत्तीचा वास यायला लागायचा. ती माणसं बोलायची काही नाहीत, फक्त अगरबत्ती लावायची. एकदा मी सुकट भाजली नाही तरी अगरबत्ती लागली. त्या आठवड्यात मी परत आले.

इथेही कोणी नव्हतं. मी एकदा मोजलं होतं, सकाळपासून आपण किती शब्द बोलतो ते. दुपारपर्यंत अकरा झाले. त्यातले चार मांजराशी. टीव्ही होता, पण टीव्हीतली माणसं एकमेकांशी बोलतात आणि आपण चोरून ऐकतोय असं मला वाटतं. मी तो विकून टाकला.

अशा दिवसांत टीचर आली. आमच्या गल्लीतल्या एका घरची ती सून, माहेर डहाणूकडचं, बी.ए. झालेली. पुढे सगळी तिला टीचर म्हणायला लागली, मीपण. त्या दिवशी ती ओटीवर उभी राहून म्हणाली, “काकी, तुमची मोठी खोली रिकामीच असते ना?”

“मी असते की तिथं.”

“तसं नाही. संध्याकाळी पाच ते साडेसहा. ट्यूशन घेईन म्हणते, सहावी-सातवीच्या मुलांची. आमच्याकडे सासरे जाळी पसरून बसतात. मुलांच्या पायात अडकतात.”

“कोन अडकतंय, सासरे का जाळी?”

ती हसली. मग म्हणाली, “भाडं काय घ्याल?”

“मना भाडं नको. पन एक हाय. पोरांनी जे पाठ करायचं ते मोठ्यानं करायचं. तोंडातल्या तोंडात न्हाय.”

“लोक मुलांना गप्प बसा म्हणतात, काकी.”

“लोकांच्या घरात बसव मग.”

तिला वाटलं म्हातारी विक्षिप्त आहे. तसं वाटू दिलं. खरं कारण तिला सांगायची गरज नव्हती. मला त्या खोलीत आवाज हवा होता. कशाचाही चालला असता.

अकरा मुलं आली. सगळी आसपासची, मराठी शाळेत जाणारी, इंग्रजीच्या पेपरला घाबरणारी. टीचरने एक मोठा पांढरा कागद भिंतीला चिकटवला. त्यावर तिने स्वतःच्या हाताने चाळीस ओळी लिहिल्या होत्या, प्रत्येक ओळीत तीन शब्द. पाच वाजले की ती पट्टी घेऊन एकेका ओळीवर ठेवायची आणि मुलं ओरडायची. गो, वेंट, गॉन. कम, केम, कम. सी, सॉ, सीन. मी आत असायची. माझी विळी चालायची त्यांच्या तालावर.

पहिल्या महिन्यात मला त्यातलं काही कळलं नाही. दुसऱ्या महिन्यात मी मुलांच्या आधी म्हणायला लागले. एकदा मुलं ब्रेक, ब्रोक म्हणून अडली आणि आतून मी म्हटलं, “ब्रोकन.” मग टीचर दारात आली.

“काकी, तुम्ही म्हणालात?”

“मांजर बोललं.”

त्या दिवशी क्लास सुटल्यावर ती चहाला थांबली. मी विचारलं, हे तीन-तीन काय असतं. ती म्हणाली, एक आजचं, एक कालचं, एक होऊन गेलेलं. इंग्रजीत बहुतेक क्रियापदं सरळ असतात, शेवटी एक शेपूट लावलं की कालचं होतं. ही चाळीस तशी नाहीत. यांना नियम नाही. यांची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पाठच करावी लागतात.

“म्हंजे वांड.”

“हो, वांडच.”

“आन कॅच कॉट कॉट म्हंजे?”

“पकडणे.”

“सेल सोल्ड सोल्ड?”

“विकणे.”

“म्हंजे नवरा कॅच आन मी सेल. चाळीस वर्सं हेच करत होतो.”

टीचरच्या नाकात चहा गेला. ती पुष्कळ वेळ हसत होती. माझ्या घरात कुणीतरी एवढा वेळ हसल्याला बरीच वर्षं झाली होती. मी तिला आणखी अर्धा कप दिला. दूध संपलं होतं, काळाच दिला.

असं सगळं बरं चाललं होतं. मग वार्षिक परीक्षेला पंधरा दिवस असताना टीचरचे वडील डहाणूला घरात घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. तिला आठ दिवस जावं लागणार होतं. ती म्हणाली, “मुलांना सुट्टी देते. घरी करतील अभ्यास.”

मी म्हटलं, “सुट्टी कशाला? मी बसवते. चाळीस तर मना येतात.”

“तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही ना, काकी.”

“वाचायचं काय हाय त्यात? बोलायचं तर हाय.”

मी मुलांच्या भल्यासाठी म्हटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठ संध्याकाळी रिकाम्या जाणार होत्या. मला त्या जाऊ द्यायच्या नव्हत्या. टीचर घाईत होती, वडिलांची काळजी होती, ती हो म्हणाली.

पहिल्या दिवशी मुलांनी मला दाद दिली नाही. टीचरची पट्टी माझ्या हातात बघून ती हसायला लागली. भिंतीवर कुठे पट्टी ठेवायची तेच मला कळत नव्हतं. मी “ईट, एट, ईटन” म्हणते आणि पट्टी तिसरीकडेच. मग मी पट्टी ठेवून दिली आणि मला जे येत होतं ते केलं. मला मासे मोजता येत होते.

बंदरावर पापलेट मोजायची एक पद्धत असते. ढिगातून दोन्ही हातांनी उचलायचं, पाटीत टाकायचं आणि प्रत्येक टाकण्याबरोबर मोठ्याने आकडा म्हणायचा. घेणाऱ्याने ऐकला पाहिजे, नाहीतर तो आकडा झालाच नाही. पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. का ते मला ठाऊक नाही. सासू म्हणायची, म्हणून मी म्हणायची. मोजताना मध्ये कुणी बोलायचं नाही. कुणी बोललं, हात अडला, आकडा तुटला, तर पाटी उलटी करायची आणि पुन्हा लाभ. त्यात वाद नाही. भर गर्दीत, उन्हात, पस्तीस झाल्यावर तुटलं तरी पुन्हा लाभ. मी याच पद्धतीने आयुष्यभर मोजलं आणि माझ्या मोजणीत कुणी कधी चूक काढली नाही.

त्या दिवशी सुटताना मी मुलांना सांगितलं, उद्या येताना बंदरावरून शिंपल्या आणा. त्यांनी चाळिसाच्या जागी चारशे आणल्या. मध्ये पत्र्याचं घमेलं ठेवलं, गोल करून बसवलं. एकेकाने शिंपली घमेल्यात टाकायची, आकडा म्हणायचा आणि त्याचं क्रियापद. लाभ, गो वेंट गॉन, ठण्ण. दोन, कम केम कम, ठण्ण. कुणी अडलं की मी घमेलं उलटं करायची. मुलं आधी चिडली, मग त्यांना चेव चढला. चौथ्या दिवशी एकोणतिसापर्यंत गेली. सहाव्या दिवशी चाळीस. पूर्ण झाल्यावर सगळी घमेल्याभोवती नाचली. शेजारीण बघायला आली, म्हणाली, “काय गो, लगीन हाय का कुनाचं?”

मी म्हटलं, “इंग्लिश चाललंय.”

तो आठवडा माझ्या या घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा आठवडा. माझ्या लग्नातही एवढा आवाज नव्हता. लग्नाच्या आदल्या दिवशी चुलतसासरे वारले होते, बँड परत पाठवला होता.

टीचर आली तेव्हा अकराच्या अकरा मुलांनी तिला चाळीस म्हणून दाखवली, न अडता, एका दमात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “काकी, माझ्याकडून चार महिन्यांत झालं नाही ते तुम्ही आठ दिवसांत केलंत.” रात्री मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

मग इंग्रजीचा पेपर झाला.

मुलं पेपरवरून सरळ टीचरच्या घरी गेली, माझ्याकडे नाही. संध्याकाळी पाचला आली ती तोंडं पाडून. टीचर मागून आली. तिने पट्टी घेतली नाही, खाली बसली. शेवटी सहावीतली एक मुलगी, नाकावर चष्मा घसरणारी, तिने मला सांगितलं.

“आजी, टीच बत्तिसावं आहे ना.”

“हाय. मग?”

“पेपरात टीचचं कालचं रूप विचारलं होतं. मग मी लाभपासून म्हणत म्हणत बत्तीसपर्यंत गेले. मग पुढचं ब्रेकचं होतं. तर परत लाभपासून.”

“मग?”

“मग बाई म्हणाल्या पुटपुटू नका. मग तुटलं. मग परत लाभपासून.”

दुसरी मुलगी म्हणाली, “मी तर बोटांनी शिंपल्या टाकत होते. बाईंना वाटलं मी कुणाला खुणा करतेय. मला पुढच्या बाकावर बसवलं.”

क्रियापदांचा प्रश्न पाच मार्कांचा होता. त्या पाच मार्कांपायी अकरातल्या आठ जणांचा निबंध राहिला, पत्र राहिलं. एकाला तर चाळिसातलं सदतिसावं आलं होतं. तो सांगताना हसत होता, पण त्याची आई हसत नव्हती. ती दुसऱ्या दिवशी माझ्या ओटीवर येऊन उभी राहिली. म्हणाली, “आजी, पोरांना शिकवायला पाठवलं का भजनी मंडळात?”

मी तिच्यापुढे खुर्ची सरकवली. ती बसली नाही.

खरं तर माझी चूक मला तेव्हा पटलीच नव्हती. मोजणी मधूनच कशी काढायची, हे मला कळत नव्हतं. बत्तिसावं पापलेट कुठलं असं कुणी विचारत नाही. आकडे आले म्हणजे ओळीने आले. पण मुलांचं नुकसान झालं होतं हे दिसत होतं, आणि ते मी केलं होतं. आठ संध्याकाळी रिकाम्या जाऊ नयेत म्हणून केलं होतं, हे फक्त मला माहीत होतं.

टीचरने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “काकी, आता पाठांतर बंद. नवीन वर्षापासून नुसतं लिहून घेणार. एक शब्द इथला, एक तिथला. तोंड बंद, हात चालू.”

“आपलं ठरलं होतं, मोठ्यानं करायचं.”

“माहितीय. म्हणून भाडं देते. तुम्ही सांगाल ते.”

“मना भाडं नको.”

“मुलांच्या वर्षाचा प्रश्न आहे, काकी.”

मी मान हलवली. शाळा सुरू झाल्यावर क्लास पुन्हा भरला. पाचला मुलं यायची, चपला काढायची, भिंतीला पाठ लावून बसायची आणि लिहायची. अकरा मुलं होती आणि पेन्सिलींशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी आतून पातेली आपटली. टीचर म्हणाली, “काकी, जरा...” मी आपटायचं थांबवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी एक मुलगा शिंकला तर सगळी हसली, तेवढंच.

चौथ्या दिवशी क्लास सुटल्यावर मी टीचरला म्हटलं, “बाय, दुसरी जागा बघ.”

ती बघतच राहिली. “का? आम्ही त्रास देतो?”

“या घरात गप्प बसायला मी एकटी पुरे हाय.”

तिने चटया गुंडाळल्या, पट्टी घेतली आणि गेली. भिंतीवरचा कागद राहिला. मी दार लावलं. मला वाटलं मी बरोबर केलं. दोन दिवस वाटत होतं.

रविवारी मुलगा आला. त्याला गल्लीत कळलं होतं. म्हणाला, “आई, बरं चाललं होतं ना तुझं? घालवून कशाला दिलंस?”

“अट मोडली.”

“कसली अट? चल मग आमच्याकडे.”

“तुमच्याकडे अगरबत्तीचा धूर होतो.”

तो जेवला, दुपारी झोपला, पाचला उठला आणि साडेपाचला गेला. त्याची बस लांबवर वळेपर्यंत मी ओटीवर उभी होते. ते मी त्याच्यासाठी केलं नाही. आत जायचं नव्हतं म्हणून उभी राहिले.

पाच वाजता काय करायचं हा मोठा प्रश्न झाला. हाताला सवय लागली होती. विळी घेऊन बसले की तोंडातून लाभ, गो वेंट गॉन सुरू व्हायचं. एकटीच चाळीस म्हणायची. मग एक दिवस मोठ्या खोलीत, त्या कागदासमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणता म्हणता बोट ओळींवरून सरकवायला लागले. उगाच, लहान मुलासारखं. नववं म्हटलं, कट कट कट. आणि बोट थांबलं. नवव्या ओळीत तिन्ही शब्द एकसारखे दिसत होते. दहावं पुट पुट पुट. दहाव्या ओळीतही तिन्ही सारखे. बाकी आजूबाजूला कुठेच तसं नव्हतं.

म्हणजे कागद आणि माझं तोंड एकाच ओळीने चाललं होतं. टीचरने लिहिलं त्याच क्रमाने मुलं ओरडली होती आणि त्याच क्रमाने मी ऐकलं होतं. हे साधं आहे, पण मला तोवर सुचलं नव्हतं. मला वाटायचं कागद वेगळा आणि आवाज वेगळा.

मग मी कामाला लागले. कट आणि पुट या दोन्हींच्या शेवटी एकच अक्षर होतं, उभी डोलकाठी आणि तिच्यावर आडवं लाकूड. ते ट. वेंटच्या शेवटीही डोलकाठी होती. कट-पुटचं मधलं होडीसारखं, ते दोन्हींत सारखं. गो मध्ये शेवटी गोल बोया. गॉनमध्ये तोच बोया दुसरा. एकेका अक्षरामागे दोन दोन दिवस गेले. काही अक्षरं फसवायची. टॉट, कॉट, ब्रॉट यांच्यात मधोमध दोन अक्षरं नुसती बसून असतात, आवाज करत नाहीत. मी त्यांना खूप दिवस शोधत होते, त्यांचं काम काय म्हणून. काम काही नाही. बसलेली असतात.

दोन महिन्यांनी मी ओढणीने कागद झाकायची आणि मध्येच कुठेतरी उघडायची. एकवीस असेल, चौतीस असेल, मोजायचं नाही. आधी मोजल्याशिवाय जमायचं नाही, ओठ आपोआप लाभ म्हणायचे. मग हळूहळू ओळ दिसली की शब्द दिसायला लागला. टीच नुसतं टीच म्हणून समोर यायला लागलं, मागच्या एकतिसांना न घेता. तेव्हा मला पोरांचा पेपर कळला. आपण त्यांना काय करून ठेवलं होतं ते पुरतं कळलं.

त्याच संध्याकाळी मी टीचरच्या घरी गेले. सासरे जाळ्यात बसले होते. ती आतून हात पुसत आली.

मी म्हटलं, “क्लास परत आन माझ्याकडं. लिहून घे, काय पन घे. आवाज नको तर नको. मी पातेली पन आपटनार न्हाय.”

तिने पदर उगाचच नीट केला. “काकी, बस स्टॉपजवळ त्या नवीन बिल्डिंगमध्ये खोली घेतली मी. वर्षाचा करार झालाय. आता अठरा मुलं आहेत. तुम्ही महिनाभर आधी जरी आला असता...”

“बरं.”

“बसा ना, चहा घ्या.”

“नको. तुझा कागद ऱ्हायलाय माझ्याकडं. घेऊन जा.”

ती माझ्याबरोबरच आली. घरात आल्यावर तिने कागदाचा एक कोपरा नखाने सोडवला आणि थांबली. ओळींच्या कडेने माझ्या बोटांचे डाग होते, हळदीचे, माशांचे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “काकी, हे काय?”

मी सांगितलं. तिला खरं वाटलं नाही. तिने ओढणी घेतली, मध्येच एका ओळीवरून बाजूला केली.

“राइट, रोट, रिटन,” मी म्हटलं.

दुसरी ओळ. “टेक, टुक, टेकन.” खालची. वरची. ती उड्या मारत होती आणि मी तिच्या मागे जात होते. एकदाही लाभ म्हटलं नाही. शेवटी तिने ओढणी खाली ठेवली. सुटलेला कोपरा पुन्हा भिंतीला दाबून बसवला, तो बसेना म्हणून माझ्याकडे भाताची शितं मागितली. शितं लावून चिकटवला.

“माझ्याकडे आता छापील आहे,” ती म्हणाली. “हा राहू द्या.”

जाताना ओटीवर थांबून म्हणाली, “मुलं याच रस्त्याने येतात, काकी. बंदराकडची सगळी.”

मला तेवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मी कागद काढून ओटीवरच्या भिंतीला लावला, रस्त्याकडून दिसेल असा नाही, मला बसल्या जागी दिसेल असा. खुर्ची टाकली. पहिली ती चष्मेवाली मुलगी आली, पाठीवर दप्तर, हातात वेफर्सचं पाकीट. मी कागदाकडे बघितलं, डोळ्यांना जी ओळ लागली ती घेतली.

“टीच,” मी म्हटलं.

ती थांबली नाही. उशीर झालेला दिसत होता. पण चालता चालता, मागे न बघता म्हणाली, “टॉट, टॉट,” आणि विजेच्या खांबापाशी वळली.

तिच्या मागे दोन मुलगे. “स्विम.” “स्वॅम, स्वम.” एक चुकला, दुसऱ्याने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मग एकटी एक. मग तिघं. ओळीने कुणालाच देत नाही. एकाला खालचं, एकाला वरचं, एकाला मधलं. त्यांना आता लाभ म्हणायला वेळच मिळत नाही, खांबापर्यंतच्या अंतरात उत्तर द्यावं लागतं. कधी कुणी उत्तर देत नाही, मोबाइलमध्ये बघत जातं. त्याला मी दुसऱ्या दिवशी तोच शब्द देते.

एकेकाचे दोन शब्द. सगळी मिळून दहा मिनिटंही होत नाहीत. पाच वाजून गेले की रस्ता रिकामा होतो, फक्त रिक्षा जातात. कागदावर पुष्कळ ओळी उरलेल्या असतात. त्या मी घेते, तिन्ही रूपं, मोठ्याने. मग कागद काढून आत नेते, रात्रीच्या दवाने शाई फुटते म्हणून.